किराणा किटची रांग आणि बाबासाहेबांचे १९३२ चे पत्र



१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. १९८८ पासून तो जगभर पाळला जातो. त्यानंतर पाचच दिवसांनी ६ डिसेंबर येतो. आपण सगळे तेव्हा चैत्यभूमीच्या तयारीत असतो. गाड्या ठरवायच्या, पुस्तकांचे स्टॉल लावायचे, भोजनदानाची वर्गणी गोळा करायची. या धावपळीत १ डिसेंबर आपल्या डोक्यावरून निघून जातो. या लेखात मी या दोन तारखा एकत्र ठेवणार आहे. कारण ग्रामीण भागातल्या एचआयव्हीबाधित कुटुंबांना मदत कशी करायची, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १९३२ सालीच देऊन ठेवले आहे, असे माझे म्हणणे आहे. तेव्हा हा आजार जगाला माहीतही नव्हता.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी एका संस्थेत क्षेत्र कार्यकर्ता होतो. समाजशास्त्रात एम.ए. झालेलो, डोक्यात भरपूर सिद्धांत, खिशात तुटपुंजे मानधन. १ डिसेंबरला संस्थेने तालुक्याच्या सभागृहात किराणा किट वाटपाचा कार्यक्रम ठेवला. गहू, तांदूळ, तेल, डाळ, साबण. लाभार्थ्यांची यादी मीच केली होती. स्टेजवर मोठा बॅनर लागला, ‘एचआयव्हीग्रस्त कुटुंबांना मदत वाटप’. पाहुण्यांनी प्रत्येक बाईच्या हातात पिशवी दिली, तिला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितले, मग पुढची बाई. त्याच संध्याकाळी ते फोटो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले.

त्या रांगेत आपल्याच एका वस्तीतली विधवा आई होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. ती रोजंदारीवर खुरपायला जायची. आठवड्याभरात मुकादमिणीने तिला टोळीतून काढले. शाळेत तिच्या मुलीला पाण्याच्या माठाला हात लावू देईनात. मी भेटायला गेलो तेव्हा ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, “दादा, किट पंधरा दिवसांत सरलं. फोटो काही सरंना.”

माठाला हात लावू देईनात, हे शब्द ऐकून मला काय वाटले असेल ते आंबेडकरी माणसाला समजावून सांगायला नको. २० मार्च १९२७ ला महाडला आपली माणसे ज्या पाण्यासाठी गेली, त्याच पाण्यापासून एक मुलगी दूर झाली होती, आणि या वेळी ते घडायला माझी यादी कारणीभूत होती. तेव्हापासून मी एकच प्रश्न घेऊन वाचत आलो आहे. आमचा हेतू चांगला होता, धान्य खरे होते, भूकही खरी होती. मग चुकले कुठे?

बोटीवरून लिहिलेले पत्र

पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ ला झाला. त्यानंतर आठवड्याभरात, ३० सप्टेंबरला अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पुढे तीच हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर सचिव. सुरुवातीच्या मध्यवर्ती मंडळात बाबासाहेबांचेही नाव होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ ला बोटीवरून ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले. संघाने काय करावे, हे त्यात मुद्देसूद मांडले होते. प्रत्येक कार्यकर्त्याने ते एकदा तरी वाचायला हवे.

बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता. अस्पृश्यांच्या उद्धाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पहिली दृष्टी म्हणते की माणसाची दुर्दशा त्याच्या स्वतःच्या वागण्यातून येते. तो गरीब असेल तर तो व्यसनी असेल, त्याच्यात सद्गुण कमी असतील. ही दृष्टी मानणारे लोक दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा असे कार्यक्रम घेतात आणि एकेका माणसाला ‘चांगला’ करू पाहतात. दुसरी दृष्टी म्हणते की माणसाची दशा त्याच्या भोवतालच्या परिस्थितीने ठरते. ती परिस्थिती बदलली नाही तर दोन-चार माणसे वर येतील, पण वर्ग आहे तिथेच राहील. बाबासाहेबांनी दुसरी दृष्टी बरोबर मानली आणि कार्यक्रमही तसाच सुचवला. विहिरी, शाळा, चावडी आणि सार्वजनिक वाहने यांवरचा नागरी हक्क मिळवण्यासाठी गावोगाव मोहीम करा. नोकरी-धंद्यात समान संधी मिळवून द्या. आणि हे काम करणारी माणसे त्या समाजातली घ्या, कारण भाडोत्री माणसाला ती कळकळ येत नाही.

या पत्राला उत्तर आले नाही. बाबासाहेब संघापासून दूर झाले. पुढे संघाच्या कार्यकारिणीवर अस्पृश्यांना प्रतिनिधित्व द्या अशी मागणी झाली, तेव्हा गांधीजींचे म्हणणे होते की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, म्हणून कारभार त्यांनीच करायचा. १९४५ साली ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाचे नाव असलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी या सगळ्याचा हिशोब मांडला. असल्या दयेने माणसाची लढण्याची ताकदच मारली जाते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दुर्दशेचे कारण माणसाच्या वागण्यात शोधायचे की परिस्थितीत? दोन, ज्याच्यासाठी संस्था आहे तो संस्थेच्या कारभारात असणार की फक्त रांगेत? आता पन्नास वर्षे पुढे येऊ.

‘वर्तन’ नावाचा जुना सिद्धांत

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ साली मद्रासमध्ये झाले. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या विद्यार्थिनीने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांतल्या सहा जणींच्या रक्तात विषाणू सापडला. विज्ञान म्हणून ते काम फार मोलाचे होते. पण समाजाने त्यातून जो अर्थ काढला तो वेगळाच होता. हा ‘तसल्या’ बायकांचा रोग आहे, असे सगळ्यांनी ठरवून टाकले.

तीन वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याची चाचणी पॉझिटिव्ह आली. १९८९ साली गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्यांना पकडून ६४ दिवस एकांतात ठेवले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक बाहेर आले, पण असे एकांतात ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैधच ठरवली. म्हणजे रोग्याला वेगळे काढणे कायदेशीर होते. गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजाला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली. भिंतीभिंतींवर संदेश आले. जोखमीचे वर्तन टाळा, एकनिष्ठ राहा, संयम पाळा. निरोधाचा प्रचार गरजेचा होता, त्याने जीव वाचले, हे मी मान्य करतो. पण त्या सगळ्या संदेशांत ‘वर्तन’ हा शब्द होता आणि परिस्थिती हा शब्द नव्हता. दुष्काळात माणूस गाव सोडून सहा सहा महिने ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा ट्रकवर का जातो? मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत दहा जण बायकामुलांशिवाय का राहतात? देवाच्या नावाने मुली सोडायची प्रथा नेमकी कोणत्या जातींत टिकली आणि त्या मुली शेवटी कोणत्या गल्लीत पोचल्या? बाबासाहेबांनी १६ जून १९३६ ला मुंबईत दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि मुरळ्यांसमोर भाषण केले होते. हे जिणे सोडा, असे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितले. पण ती सभा जातीचा, गरिबीचा आणि धर्माच्या पगड्याचा संबंध उघड करणारी होती. नव्वदच्या दशकातल्या भिंतींवरच्या संदेशांत तो संबंध गायब झाला. १९३२ च्या पत्रातली पहिली दृष्टी, दोष माणसाच्या वागण्यात शोधणारी, पुन्हा राज्य करू लागली.

आणि जिथे दोष वागण्यात शोधला जातो, तिथे दयेचीही उतरंड लागते. जातीच्या उतरंडीसारखीच. सगळ्यात वर बाळ, ते ‘निष्पाप’. त्याखाली नवऱ्याकडून लागण झालेली विधवा, ती ‘बिचारी’. त्याखाली नवरा, त्याने ‘केले ते भोगले’. आणि सगळ्यात खाली तमाशातली, गल्लीतली बाई किंवा तृतीयपंथी. तिला किट मिळत नाही, मिळतो तो उपदेश. देणगीदाराला बाळाचा फोटो हवा असतो. त्या बाळाच्या आईचा फोटो छापताना तो आधी तिचा पूर्वेतिहास विचारतो. मी अशी विचारपूस स्वतः ऐकली आहे.

संस्थांनी काय केले, काय राहिले

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या लेखनात कधी कधी सगळ्या स्वयंसेवी संस्थांना एकाच काठीने हाकले जाते. ते अन्यायाचे आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे खेड्यातल्या एचआयव्हीबाधित कुटुंबासाठी सरकार जवळजवळ नव्हतेच. आई-बाप गेलेली मुले चुलत्याच्या गोठ्यात झोपत होती. शाळा नाव घालत नव्हत्या. अशा वेळी अहमदनगर, पंढरपूर, बीड, लातूर या भागांत काही माणसांनी ती मुले घरी आणली, वाढवली, शाळेसाठी गावाशी भांडण घेतले. त्या मुलांतली कित्येक आज कमावती आहेत. ज्याने मरणाऱ्या लेकराला उचलले त्याच्याशी मी भांडणार नाही.

माझे भांडण पद्धतीशी आहे. मूल आश्रमात आले की ते जगते, हे खरे. पण ते आश्रमात का आले? त्याच्या आईला नवऱ्याच्या तेराव्यानंतर सासरच्यांनी घराबाहेर काढले म्हणून. बापाच्या जमिनीवर तिचे नाव लागले नाही म्हणून. तिला मजुरी मिळेना म्हणून. यांतला एकही प्रश्न किटने सुटत नाही. सुटतो तो तलाठ्याच्या टेबलावर, तहसीलमध्ये आणि न्यायालयात. तिथे तिच्याबरोबर जायला देणगीदार तयार नसतो. तिथे फोटो चांगला येत नाही.

जीव कशाने वाचले

आता इतिहासाचा दुसरा धागा बघा. हा धागा लाभार्थ्यांनी नाही, बाधितांनी स्वतः विणला आहे.

१९८३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एड्ससह जगणाऱ्या काही माणसांनी एक जाहीरनामा मांडला. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, असे त्यांनी सांगितले. आमच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर आम्हाला जागा हवी, हेही त्यात स्पष्ट लिहिले. बघा, हरिजन सेवक संघाकडे जी मागणी झाली आणि नाकारली गेली, तीच ही मागणी. बाबासाहेबांचे पत्र त्यांनी वाचले असेल असे मी म्हणत नाही. अपमान सारखा असला की मागणीही सारखी निघते, एवढेच म्हणतो. १ डिसेंबर १९९४ ला पॅरिसमध्ये भारतासह ४२ देशांच्या सरकारांनी हे तत्त्व कागदावर मान्य केले.

आपल्याकडे सांगलीत संग्राम संस्थेचे काम १९९२ मध्ये सुरू झाले आणि १९९६ मध्ये तिथल्या शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही स्वतःची संघटना उभी केली. त्या व्यवसायाबद्दल आपल्या चळवळीत मतभेद आहेत. १९३६ चे भाषण समोर ठेवणाऱ्याला तो व्यवसाय हक्क म्हणून मान्य करणे जड जाते, मलाही जाते. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या बायकांना वाचवायला कुणी आले नाही, तेव्हा त्या एकमेकींसाठी उभ्या राहिल्या. आजार, पोलीस आणि दवाखाना या तिन्ही आघाड्यांवर त्या स्वतः बोलल्या. १९९७ मध्ये चेन्नईत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे देशव्यापी नेटवर्क सुरू झाले. महाराष्ट्रातही अशी नेटवर्क उभी राहिली.

त्याच १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एक खटला गाजला. एका सार्वजनिक कंपनीत हंगामी मजूर म्हणून राबणाऱ्या माणसाला एचआयव्ही असल्याच्या कारणावरून काम नाकारले होते. काम करायला तंदुरुस्त असलेल्या माणसाला केवळ या कारणावरून नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या मजुराला नाव न सांगता खटला लढू दिला. आजही तो खटला ‘एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.’ अशा अक्षरांनीच ओळखला जातो. डॉमिनिक यांना कोंडणारा कायदा वैध ठरवणारे हेच न्यायालय. सात-आठ वर्षांत फरक पडला तो लढणाऱ्या माणसांमुळे. आणि विचार करा, उच्च न्यायालय एका मजुराचे नाव जपत होते, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी मी एका मजूर बाईचा फोटो बॅनरखाली काढून घेत होतो.

मग औषधांचे पाहू. विषाणूला रोखणारी तिहेरी औषधे १९९६ पासून श्रीमंत देशांत वापरात आली, पण त्यांचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जायचा. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. हे शक्य झाले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे, कारण त्यात औषधाच्या मूळ घटकावर मक्तेदारी मिळत नव्हती. पण ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सुमारे १६ हजार रुपये. खुरपणाऱ्या बाईला तेही अशक्यच होते. बाधितांच्या संघटनांचा आणि जगभरच्या चळवळींचा रेटा वाढला, तेव्हा १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. सुरुवातीला सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध मिळायचे नाही. ही मर्यादा हळूहळू वाढत गेली आणि २०१७ पासून निदान झाले की लगेच उपचार सुरू, असे धोरण आले.

खेड्यातल्या घरांत मरण थांबले ते इथून. बापही जगू लागला, आईही जगू लागली, बाळाला लागण न होता ते जन्मू लागले. मोफत गोळ्या, दर महिन्याला, हक्काने. देशात २०२१ च्या अंदाजानुसार सुमारे २४ लाख माणसे एचआयव्हीसह जगत होती आणि त्यांतली सुमारे ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. एवढ्या माणसांना दर महिन्याला कोणती देणगी पुरली असती?

पण हक्क मिळाला म्हणजे तो टिकला असे होत नाही. २०२२ च्या जुलैपासून दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर एचआयव्हीसह जगणारी माणसे चाळीसहून अधिक दिवस धरणे धरून बसली. महिन्याच्या औषधाऐवजी थोड्याच दिवसांच्या गोळ्या हातात पडतात, ही त्यांची तक्रार होती. त्या धरण्यावर आपल्या किती संघटनांनी पत्रक काढले? मी शोधले. मला फार काही सापडले नाही.

कायदा काय देतो

२०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या कायद्याचे विशेष म्हणजे त्याचे संरक्षण फक्त बाधित व्यक्तीला नाही, तिच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबालाही आहे. शिक्षण, नोकरी, उपचार, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. आई-बाप नसलेल्या किंवा आजारी असलेल्या घरात १२ ते १८ वयाचे समजदार मूल धाकट्या भावंडांचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते अशा कामांत उभे राहू शकते. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे.

आमचा तो बॅनर, ते फोटो आणि मुलीचा माठ, या सगळ्यांना हा कायदा लागू होता. मला तो तेव्हा माहीत नव्हता. एम.ए.च्या अभ्यासक्रमात दुर्खीम होता, मार्क्स होता, हा कायदा नव्हता.

कायद्यात खोटही आहे. उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकताना ‘शक्य तितके’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. बाधितांच्या संघटनांनी या शब्दांवर तेव्हाच आक्षेप घेतला होता. हक्काच्या कलमात शक्यतेचा शब्द घुसला की हक्काची पुन्हा दया होते. घटना सभेत एकेका शब्दासाठी झुंजणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत, हा फरक आपल्याला कळायला हवा.

आणखी एक कायदा आपल्या हाताशी आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे ते तुकड्यातुकड्यांत मंजूर झाले. त्यातला १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने. म्हणजे नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत आणि घरात तिचा वाटा आहे. तिला एचआयव्ही आहे किंवा नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद करून देणे हे मला आज कोणत्याही किटपेक्षा मोठे काम वाटते.

मग दानाचे काय?

एका तरुण मित्राने मला विचारले, “दादा, आपण बौद्ध. दान ही तर पहिली पारमिता. तुम्ही दानाच्या विरोधात बोलताय का?” प्रश्न रास्त आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडला होता. आपल्याच घाणीत तो पडून होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्ध आणि आनंद तिथे पोचले. विचारल्यावर कळले की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते त्याची सेवा करत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी त्याला धुऊन खाटेवर निजवले. बहुतेक प्रवचनांत गोष्ट इथे संपते. पण खरी गोष्ट पुढे आहे. बुद्धांनी संघ गोळा केला आणि नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा उपाध्यायाने करायची, आचार्याने करायची, शिष्याने करायची, आणि कुणीच नसेल तर संघाने करायची. जो करणार नाही तो दोषी.

म्हणजे बुद्धांनी एका आजाऱ्याची सेवा केली आणि लगेच तिचा नियम केला. यापुढे आजारी भिक्खूला कुणाच्या दयेची वाट बघायची गरज उरली नाही. दान आणि वाटप यांतला फरक मला इथे सापडतो. दानाने घेणाऱ्याची मान वाकत असेल तर ते धम्मातले दान नव्हे.

आपण काय करायचे

मी उपाशी माणसाला धान्य देऊ नका असे म्हणत नाही. धान्य द्या, पण रात्री नेऊन द्या, बॅनर लावू नका, फोटो काढू नका, नाव कुणाला सांगू नका. आणि धान्य देऊन थांबू नका. धान्याने मिळालेल्या पंधरा दिवसांत पुढची कामे करा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्ससारख्या दुर्धर आजाराच्या रुग्णांचा आणि निराधार विधवांचा समावेश आहे. पण वर्षाला २१ हजारांची उत्पन्नमर्यादा आहे. महिन्याला १७५० रुपये. एवढ्यावर कोणते घर चालते? ही मर्यादा वाढवून घेणे हा आंदोलनाचा विषय आहे, तोवर पात्र घरांचे अर्ज भरून देणे हा आपल्या कार्यकर्त्यांचा विषय आहे. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधित कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिकेत घेण्याची सूचना केंद्राने २००९ मध्येच दिलेली आहे, ती आपल्या तालुक्यात पाळली जाते का ते तहसीलमध्ये जाऊन विचारा. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधित रुग्णांचा प्रवास आहे, पण ओळखपत्र दाखवताना कंडक्टरसमोर नाव उघडे पडते म्हणून कित्येक जण तिकीट काढूनच जातात. गोपनीयता राखणारे ओळखपत्र मागा. एआरटी केंद्रावर गोळ्या कमी पडल्या तर त्या दिवशीच लेखी तक्रार द्या.

आणि आपल्या विहारांच्या, मंडळांच्या, संस्थांच्या समित्या बघा. एचआयव्हीवर काम करत असू तर बाधित माणसाला समितीत खुर्ची आहे का? तिने आपली ओळख जाहीर करावी अशी अट न घालता? नसेल, तर बिर्ला-ठक्करांच्या संघाला जो प्रश्न विचारला गेला तोच आपल्यालाही लागू होतो. मग आपण निळा झेंडा लावून तेच काम करत आहोत.

त्या आईचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मी तिची माफी मागितली. मुख्याध्यापकांना कायद्याची प्रत दिली, शाळेतला माठ सगळ्यांसाठी एक झाला. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला वडिलोपार्जित तीस गुंठे होते, त्यावर वारसनोंद व्हायला दीड वर्ष लागले. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी तलाठी कार्यालयाबाहेर मी मोबाईल काढला, कागदाचा फोटो घ्यायला. तिने हात आडवा धरला.

“आता नको, दादा. मी वाचते आधी.”

तिने अक्षर न् अक्षर लावत आपले नाव वाचले. मी मोबाईल खिशात ठेवला.

जयभीम!